पांढऱ्या चिठ्ठीचा पिंजरा

माझ्या मामाने जन्मभर उंदरांची उस्तवार केली आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. एकदाच त्याने एका माणसाची उस्तवार करायला घेतली, ती मात्र त्याला जन्माला पुरली. तो माणूस म्हणजे माझे बाबा. म्हणून ही गोष्ट सांगायचा हक्क माझा आहे, आणि मी ती माझ्या पद्धतीने सांगणार. कुणाला कडू लागली तर लागू दे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. एका कॉलेजात औषधांवर संशोधन चालायचं, तिथे प्राणी ठेवायची एक खोली होती, आणि त्या खोलीचं सगळं तो बघायचा. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर पिंजरे आणि पिंजऱ्यांत पांढरे उंदीर. सकाळी गेला की आधी सगळ्यांवर एक नजर टाकायचा. मग ओला भुसा काढून कोरडा घालायचा, पाण्याच्या बाटल्या धुऊन, भरून पुन्हा उलट्या अडकवायचा, खाण्याच्या कांड्या टाकायचा आणि शेवटी एकेकाला काट्यावर बसवून वजन घ्यायचा. उंदीर काट्यावर काय नीट बसतो होय? पण मामा हात लावायच्या आधी म्हणायचा, "या साहेब, टेका जरा, लगेच सोडतो," आणि ते खरंच बसायचे. त्याचा हात त्यांच्या ओळखीचा होता. कॉलेजातल्या कुणाला उंदीर चावला की पहिली हाक मामाला जायची.

आमच्या घरात त्याचं नाव उंदीरमामा. त्याला त्याचा राग नव्हता, उलट कुणी नुसतं मामा म्हटलं तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं. जेवायला आला की आई त्याला दारातच अडवायची. "आधी कोपरापर्यंत हात धू. आणि खिसे झटक." खिशातून हमखास एखादी कांडी पडायचीच. लग्न त्याने केलं नाही. आई म्हणायची, "जमलं असतं गं कुठेतरी, पण मुलगी भेटली की हा तिला उंदराचं वजन कसं घेतात ते सांगत बसतो. ती कशाला थांबते?"

मामाची एक खोड होती. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच खरं मानायचं. वर्तमानपत्रातलं, शेजाऱ्याचं, डॉक्टरचं, कुणाचंच ऐकून तो पटवून घ्यायचा नाही. "हातच्या कांकणाला आरसा कशाला," हे त्याचं ठरलेलं. बाबांना त्याची ही गोष्ट फार आवडायची, कारण त्यांनाही दुसऱ्याचं ऐकायची सवय नव्हती. दोघांचं गूळपीठ होतं.

आमचं दुकान ड्रायक्लीनिंगचं. पुढे काउंटर, तिथे मी. मधे इस्त्रीचं टेबल, तिथे आई. मागे एक बुटकी खोली, तिच्यात मोठ्या गोल तोंडाचं मशीन आणि डाग काढायचं टेबल. ती बाबांची जागा, तिथे दुसऱ्या कुणाचं चालायचं नाही. शाई, वंगण, कॉफी, रक्त, बाबा कपडा उजेडात धरून नुसता बघायचे आणि डाग कशाचा, किती जुना ते सांगायचे. लिपस्टिकचा असेल तर काही बोलायचे नाहीत, गुपचूप काढून द्यायचे. गिऱ्हाईकं त्यांच्यासाठी लांबून यायची, हे खरं आहे.

ड्रायक्लीनिंगमध्ये कपडा पाण्याने धूत नाहीत, केमिकलने धुतात. त्याला गोडसर वास येतो. नवीन गिऱ्हाईक म्हणतं, अहो, छान वास येतोय दुकानात. दिवसभर त्या वासात उभं राहिलं की डोकं जड होतं आणि जिभेवर पत्रा चाटल्यासारखी चव येते. आमचं मशीन जुनं, त्याच्या दाराची रबरी कड झिजलेली, त्यामुळे वास बाहेर यायचाच. त्यातून कपडे आत पुरते वाळवायचे तर मशीन बराच वेळ फिरावं लागतं, आणि घाई असली की बाबांना तेवढा धीर नसायचा. दार उघडून दमट कपडेच बाहेर ओढायचे. ती सगळी वाफ त्यांच्या नाकातोंडात.

मागच्या खोलीला गल्लीकडे उघडणारं एक दार होतं. ते कायम बंद. पलीकडे बेकरी, आणि तिची चिमणी बरोबर आमच्या दारासमोर. दार उघडलं की काजळीचे कण तरंगत आत यायचे आणि नेमके पांढऱ्या कपड्यावर बसायचे. बाबांना ते सहन व्हायचं नाही. "लोक डाग काढायला कपडे देतात, पाडून घ्यायला नाही," म्हणायचे. आई म्हणायची, "कपड्याला जपता तेवढं स्वतःला जपा. दार उघडं ठेवा, वारा येऊ दे." हे भांडण इतकं जुनं होतं की दोघं ते घड्या घालता घालता करायची.

मग बाबांचं जेवण कमी झालं. अंगाला खाज सुटायची, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा. आई हात धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "लिव्हरला सूज आहे. दारू घेता?"

"स्पिरिट घेतो," बाबा म्हणाले, "पण डागावर लावायला."

डॉक्टर हसले नाहीत. दुकानाची सगळी चौकशी केली आणि म्हणाले, "ती मागची खोली बंद करा. कपडे मोठ्या कारखान्यातून धुऊन आणा, तुम्ही काउंटर आणि इस्त्री बघा. लिव्हर फार सोशिक असतं. मार थांबवला तर बरंही होतं. पण मार थांबवायला पाहिजे."

आईने दुसऱ्याच दिवशी कारखान्याशी बोलून टाकलं. त्यांची गाडी सोमवारपासून येणार, कपडे नेणार, धुऊन आणून देणार. बाबा हो म्हणाले, पण त्यांचं तोंड बघवत नव्हतं. दुसऱ्याच्या हातचे धुतलेले कपडे आपल्या दुकानात टांगायचे म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं. ते मशीनवरून फडकं फिरवत बसायचे. पण हो म्हणाले होते, आणि बाबा शब्दाचे पक्के होते. ती गाडी आली असती तर पुढचं काही झालं नसतं, असं मला वाटतं. आईलाही वाटतं. मामाला तर वाटतंच.

त्याच सुमाराला मामाच्या खोलीत डाळिंबाचा प्रयोग चालू होता. एक बाई डाळिंबाच्या सालींवर काम करत होत्या. फळं, पाला, साली यांच्यात असं काही असतं की जे शरीराला आतून गंजू देत नाही, ते विषापासून लिव्हरला वाचवतं का, हे त्यांना बघायचं होतं. पिंजऱ्यांना तीन रंगांच्या चिठ्ठ्या. पांढरी चिठ्ठी म्हणजे साधं खाणं-पाणी, बाकी काही नाही. लाल चिठ्ठी म्हणजे लिव्हर बिघडवणारं केमिकल. हिरवी चिठ्ठी म्हणजे आधी काही दिवस सालीचा अर्क, आणि मग तेच केमिकल. सालींचा अर्क बाई स्वतः पाजायच्या, उंदीर धरायचा मामाने.

बोलता बोलता बाई एकदा त्याला म्हणाल्या, "मामा, तुमच्या मेव्हण्यांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान ना? हे केमिकल त्यांच्या केमिकलचा चुलतभाऊ. पूर्वी याच्यानेच कपडे धुवायचे." त्या सहज बोलल्या. मामाने ते गाठीला बांधलं.

प्रयोग संपला की उंदीर मारून त्यांचं लिव्हर काढून बघतात. मामा एरवी त्या वेळी खोलीत थांबायचा नाही, बाहेर जाऊन बाटल्या धूत बसायचा. त्या दिवशी बाईंच्या हाताखालची मुलगी आली नव्हती, म्हणून त्याला ताटल्या धरायला उभं केलं. लाल चिठ्ठीवाल्यांचं लिव्हर निघालं फिकट, पिवळट, हाताला लोण्यासारखं. आणि हिरव्या चिठ्ठीवाल्यांचं निघालं तांबूस, बऱ्यापैकी घट्ट. मामा बघतच राहिला. पांढऱ्या चिठ्ठीवाल्यांचं कसं होतं ते त्याने पाहिलं नाही. त्यांना काही केलंच नव्हतं, त्यात काय बघायचं?

सोमवारच्या आदल्या दिवशी तो आमच्याकडे आला. हात न धुता थेट आत. आई ओरडली तरी थांबला नाही. टेबलावर एक बरणी ठेवली, तिच्यात तपकिरी भुकटी. ज्यूसवाल्याकडून सालींच्या पिशव्या भरून आणल्या होत्या, गच्चीवर वाळवल्या होत्या आणि मिक्सरवर दळल्या होत्या.

"भाऊजी, रोज सकाळी एक चमचा. पाण्यातून."

"काय आहे?"

"लिव्हरचं कुलूप."

मग त्याने सगळं सांगितलं. लाल, हिरवं, लोणी, तांबूस. सांगताना त्याचे हात ताटली धरल्यासारखे पुढे होते. आई इस्त्रीच्या टेबलाला टेकून ऐकत होती. त्याचं संपल्यावर म्हणाली, "म्हणजे वास घ्यायचा मागच्या खोलीत आणि भुकटी खायची पुढच्या खोलीत. रोग रेड्याला अन् औषध पखालीला."

"ताई, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"उंदराचं पाहिलंस."

"लिव्हर लिव्हरच असतं गं."

"तुझ्या बाई काय म्हणतात?"

मामाने बरणी जरा पुढे सरकवली. "त्या म्हणतात, माणसाचं अजून माहीत नाही. त्यांना कागदावर येईपर्यंत काहीच माहीत नसतं."

"अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालायस तू," आई म्हणाली. तेव्हा आम्ही सगळे हसलो. नंतर ही म्हण आमच्या घरात कुणी कधी वापरली नाही.

बाबा मात्र हसून झाल्यावर बरणीकडे बघत राहिले. त्यांना बुडत्याचा काडीचा आधार नको होता, त्यांना पोहत राहायला सबब हवी होती, आणि ती मामाने चमच्यासकट आणून दिली. एक चमचा पाण्यात ढवळून त्यांनी तिथेच घशाखाली ओतला. तोंड वाकडं केलं. "तुरट आहे. म्हणजे गुणाचं असणार." मग आईला म्हणाले, "गाडीवाल्याला सांग, थोडे दिवस थांब म्हणावं. बघू या." आई खूप बोलली. पण एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ, आपलेच दात आपलेच ओठ. सोमवारी गाडी आली नाही.

आता नशिबाचा खेळ बघा. त्याच महिन्यात मशीनची मोटर जळली. सुटा भाग मिळेना, मेकॅनिक आज येतो उद्या येतो करत राहिला, आणि मागची खोली बंद पडली. बाबा इच्छा नसताना पुढे येऊन बसले, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला लागले, जेवायला लागले. खाज गेली. सकाळी चमचा चालूच होता. मोटर बसवून झाली आणि लगेच रक्त पुन्हा तपासलं, तर सूज चांगलीच उतरलेली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. श्रेय मिळालं भुकटीला. मोटर जळली होती हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या खोलीत जात नाही ना?" बाबा म्हणाले, "गेले कित्येक दिवस पाऊल टाकलं नाही." खोटं नव्हतं ते.

त्या दिवशी मामासारखा सुखी माणूस शोधून सापडला नसता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रयोगाला पिंजरे धुणारा माणूस, आणि आता त्याचा स्वतःचा एक प्रयोग यशस्वी झाला होता, तोही बहिणीच्या घरात. आई पहिल्यांदा त्याला म्हणाली, "जिंकलास बाबा तू." तो लाजला. दर आठवड्याला भरलेली बरणी यायची, रिकामी जायची. गच्चीवर सालींचा सडा. ज्यूसवाला म्हणायचा, "मामा, रस मी विकतो आणि तब्येत तुम्ही कमावता."

आणि बाबा मोकाट सुटले. आधी निदान आईच्या धाकाने घाबरून राहायचे, आता तेही गेलं. आईने हट्टाने आणलेला मास्क खिळ्याला लटकत राहिला, त्याच्यावर काजळी चढली. दार तर बंदच. लांबच्या दुकानांचे अवघड डागही घ्यायला लागले. दमट कपडे बाहेर ओढताना मी ओरडले की छाती ठोकून म्हणायचे, "मी हिरव्या चिठ्ठीचा आहे. मला काही होत नाही." मामा समोर असला की तोही हसायचा. मला तेव्हाही त्या हसण्याचा राग यायचा.

मधे वर्ष गेलं, थोडं जास्तच. कधी थकवा आला की बाबा चमच्याचे दोन चमचे करायचे. रक्त तपासायला जाऊ या म्हटलं की म्हणायचे, कशाला, बरा आहे. मग एका सकाळी ते काउंटरपाशी उजेडात आले, आणि मी बघितलं तर डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं होतं. दुसऱ्यांच्या कपड्यांवरचा रंग इतका बरोबर ओळखणारा माणूस, त्याला आरशात स्वतःचा दिसला नव्हता.

हॉस्पिटलमध्ये ठेवलं. पोटात पाणी झालं, पाय सुजले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लिव्हर बराच काळ मार खात आलंय, वरवर तग धरून होतं, आता धरवत नाही. मामा तिथेही बरणी घेऊन आला. खाटेपाशी उभा राहून चमचा शोधायला लागला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय आहे, आणि मग शांतपणे म्हणाल्या, "आता हे काहीही द्यायचं नाही. जे आम्ही देऊ तेवढंच." मामाने बरणी पिशवीत ठेवली. ती पिशवी मांडीवर घेऊन तो बसून राहिला.

बाबांनी त्याला कधी दोष दिला नाही. शेवटी शेवटी त्यांना बोलताना धाप लागायची, तरी त्याला बघून म्हणाले, "काय मेव्हण्या, माझी चिठ्ठी गळून पडली वाटतं कुठेतरी." मामा म्हणाला, "भाऊजी, लावतो, मी लावतो परत." दोन दिवसांनी बाबा गेले.

मी मामाला बोलले. सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, "तुझ्या उंदरांच्यात आणि माझ्या बापात तुला फरक कळला नाही." हिला गप्प कर, असं कुणीतरी आईला म्हणालं, पण तिने मला गप्प केलं नाही. मामाने ऐकून घेतलं आणि चपला घालून गेला. ते शब्द मी अजून मागे घेतलेले नाहीत. बाबांनी स्वतः हट्ट केला, हे मला कळत नाही असं नाही. पण मेलेल्या माणसावर किती रागावणार? जिवंत माणूस समोर असतो, राग त्याच्यावर निघतो.

त्यानंतर तो आमच्याकडे येईना. रविवारी जेवायच्या वेळी आई दाराकडे बघायची, मग ताट वाढून घ्यायची. ज्यूसवाल्याने सांगितलं की मामा आता साली नेत नाही, समोरून जायचं टाळतो, लांबच्या रस्त्याने जातो. बरेच महिने असे गेले. मग एका दुपारी तो आला. बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले, खिसे उलटे करून झटकले, आणि मग आत आला. वजन उतरलं होतं. आई इस्त्री करत होती. मी काउंटरवरून उठले नाही, पण ऐकत होते.

"ताई, मी बाईंना विचारायला गेलो होतो," तो म्हणाला. "मी म्हटलं, बाई, तुमचा प्रयोग चुकला. माझे भाऊजी गेले."

आईने इस्त्री उभी करून ठेवली.

"त्यांना वाईट वाटलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. मग विचारलं, मामा, पिंजऱ्यातल्यांना आपण केमिकल किती वेळा दिलं होतं? मी म्हटलं, एकदाच. तुम्हीच दिलं, मीच धरलं होतं. मग त्या म्हणाल्या, आणि तुमच्या भाऊजींना?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागच्या खोलीतलं मशीन आम्ही केव्हाच विकून टाकलं होतं, त्यामुळे कसलाच आवाज नव्हता.

"मला ते माहीत होतं ताई. एकदाच दिलं हे मला माहीत होतं. रोज पिंजरा मी धुतला, मला नाही माहीत तर कुणाला? पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मी फक्त लाल आणि हिरवं बघत बसलो."

"बरं," आई म्हणाली.

"मग बाईंनी मला बाटल्या दाखवल्या. लिव्हर औषधात घालून काचेच्या बाटल्यांत ठेवतात. त्या फडताळात असतात, त्यांची धूळ मीच पुसतो. रोज पुसतो. बाईंनी तीन बाटल्या उजेडाला धरल्या. लाल, हिरवी आणि पांढरी शेजारी शेजारी. म्हणाल्या, आता बघा. हिरव्या चिठ्ठीचं लिव्हर लालपेक्षा बरं होतं, पण त्याच्यावरही डाग होते गं. बारीक बारीक, सगळीकडे. आणि पांढऱ्या चिठ्ठीचं..." त्याने हात पुढे केले, ताटली धरल्यासारखे. "काळसर लाल, गुळगुळीत. एक डाग नाही. सगळ्यात चांगलं त्यांचं होतं. ज्यांना साल पण नाही आणि विष पण नाही. रोज माझ्या हातचं खात होते, माझ्या हातात वजन देत होते, आणि मी त्यांच्याकडे कधी बघितलं नाही."

आई त्याच्याजवळ गेली, त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूने दुमडली होती ती तिने नीट केली. मग म्हणाली, "तुझ्या भाऊजींना पांढऱ्या पिंजऱ्यात बसायचं नव्हतं रे. मी किती सांगितलं."

"तू सांगितलंस, पण सोमवारची गाडी मी थांबवली," मामा म्हणाला. आईने त्यावर नाही म्हटलं नाही. मला वाटतं तिला नाही म्हणायचं होतं, पण तिला खोटं बोलता येत नाही.

तेव्हापासून तो रोज सकाळी कामावर जायच्या आधी दुकानात येतो. अजूनही येतो, आता निवृत्तीला आलाय. आमच्याशी फारसं बोलत नाही. सरळ मागच्या खोलीत जातो, गल्लीकडचं दार उघडतो आणि ते आपोआप लागू नये म्हणून खाली वीट लावतो. मग जरा वेळ उंबऱ्यात उभा राहतो आणि निघून जातो. त्या खोलीत आता केमिकलचा थेंबही नाही. कपडे कारखान्यातून धुऊन येतात, तिथे आम्ही ते नुसते टांगून ठेवतो. दार उघडून कुणाचं काय भलं होणार, त्याचं त्यालाच ठाऊक.

बेकरी मात्र अजून आहे, आणि तिची चिमणीही. परवा एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर काजळी बसली, अगदी छातीवर. माझं डोकं फिरलं. मामा उंबऱ्यातच उभा होता. मी त्याला म्हटलं, "बघ, तुझ्या दारामुळे काय झालं. कशाला उघडतोस आता रोज?" त्याने शर्ट हातात घेतला, फुंकर मारली, बोटाने हलकेच झटकलं. डाग आणखी पसरला. तो दाराकडे वळला आणि वाकून त्याने वीट काढली.

आतून आई म्हणाली, "राहू दे ते दार. काजळीच आहे, धुतली की जाते."

मामाने वीट परत लावली, आणि मी शर्ट घेऊन नळापाशी गेले.